मागचा आरसा करंड्यात होता

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात अमावस्येला कोणीतरी लिंबू उतरवून ठेवायचं. बाकीच्या बायका साडी सावरत लांबून जायच्या. मी एकदा ते लिंबू उचलून घरी आणलं आणि सरबत करून प्यायले. ज्यांना ज्यांना हे कळलं त्यांनी महिनाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून "बाई जरा भोळसट दिसतेय" असं कोणी म्हणायला नको. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बायकांचे अनुभव मी आवडीने वाचते आणि त्यातल्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवत नाही. माझ्या गोष्टीत बाई नाही, पिंपळ नाही, रात्रही नाही. रविवारची दुपार आहे, आणि पितळेचं एक कडं आहे जे रिकामं होतं.

साल शहाऐंशी. घाटकोपर पूर्व, पंतनगर, हाउसिंग बोर्डाची बिल्डिंग, दुसरा मजला. दोन खोल्या, आणि काचा लावून बंद करून घेतलेली गॅलरी. मी मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. नवरा, सुधीर, इन्शुरन्सच्या ऑफिसात. आणि माझे सासरे, अण्णा.

अण्णा ट्रॉम्बेला एका प्रयोगशाळेत ग्लास ब्लोअर होते. म्हणजे शास्त्रज्ञांना जी काचेची उपकरणं लागतात ती ज्योतीवर तापवून, फुंकून, वळवून बनवायची. मूळचे मालवणकडचे, बोलणं अर्धं मालवणी आणि अर्धं मुंबईचं. रिटायर झाल्यावर माणूस देवळात जातो, नाहीतर नातवंडं खेळवतो. आमच्याकडे नातवंडं नव्हती आणि अण्णांना देवळात कंटाळा यायचा. त्यांनी गॅलरीत टेबल टाकलं, आपला जुना बर्नर बसवला आणि आसपासच्या कॉलेजांची फुटकी काच दुरुस्त करून द्यायला लागले. मी कॉलेजातून घरी आले की त्यांच्या शेजारी बसायचे. त्यातून आम्हाला जुने लेझर जिवंत करायचा नाद लागला. लोकांच्या सुना सासऱ्यांचे पाय चेपतात, मी नळ्या पुसायचे.

गॅसचा लेझर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काचेची एक लांबट नळी, आत हेलियम आणि निऑन. वीज दिली की नळी गुलाबी-नारंगी पेटते, दुकानाच्या पाटीसारखी. पण तो लेझर नव्हे. नळीच्या दोन्ही टोकांना दोन छोटे आरसे लागतात, बरोबर समोरासमोर. उजेड त्या दोघांच्या मध्ये पुढे-मागे धावत राहिला, तरच पुढच्या आरशातून ती लाल रेघ बाहेर पडते. आरसा केसभर तिरका झाला की संपलं, रेघ नाही. आणि आरसाच नसला तर... हे कोणी विचारतसुद्धा नाही. एका चाकाच्या बैलगाडीबद्दल कोणी विचारतं का?

कॉलेजातून मोडीत निघालेले दोन लेझर आम्ही असे चालू केले होते. एकाची तर नुसती तार तुटली होती. दुसऱ्यातला हेलियम गेला होता. हेलियम फार पळपुटा, वर्षानुवर्षं काचेतूनच झिरपत जातो. मग अण्णांनी गॅस भरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून हेलियम आणला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला आणि नळी तीन आठवडे त्यात ठेवून दिली. जसा गेला तसाच परत आत आला. "चोर गेलो त्याच वाटेन परत इलो," अण्णा म्हणाले. मी त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना बळंच धरून ही गोष्ट सांगितली.

तिसरा लेझर आमच्याच कॉलेजच्या अडगळीत होता. पूर्वी केव्हातरी ट्रॉम्बेहून मुलांना शिकवायला म्हणून आलेला. लाकडी पेटी, आत हाताएवढी लांब नळी, आणि दोन आरसे नळीपासून सुटे, पितळेच्या कड्यांत तीन-तीन स्क्रूवर बसवायचे. मी रीतसर अर्ज करून तो घरी आणला. अण्णांनी नळीवरून बोट फिरवलं. पोटाशी जिथे नळी बंद केलेली असते तिथे काचेचं एक छोटं टोक राहतं, त्यावर बोट थांबलं.

"ही माझी," ते म्हणाले.

"काहीतरीच काय अण्णा. नाव आहे का त्याच्यावर?"

"नाव कित्याक हवा? ह्या टोक बघ. शेवटाक मी अशी उजवीकडे मुरड मारतंय. दुसरो कोण मारूचो नाय."

मग कळलं ते असं. अण्णांनी अशा वीसेक नळ्या केल्या होत्या आणि एकही चालताना पाहिली नव्हती. नळी झाली की माणूस यायचा, कापसात गुंडाळून दुसऱ्या इमारतीत घेऊन जायचा. तिथे अण्णांचं काम नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी कधी "मला दाखवा" म्हटलं नाही, कारण ते अण्णा. मला ऐकून रागच आला. कोणावर, ते माहीत नाही.

आणि आता वेळ नव्हता. अण्णांना काचबिंदू होता. बाजूचं सगळं दिसेनासं झालेलं, मधे एक वाटोळी जागा उरली होती. "पाइपातून बघल्यासारखा दिसता," ते म्हणायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं. दर दोन महिन्यांनी तपासणीला गेलो की तो वाटोळा तुकडा थोडा लहान झालेला असायचा. अण्णा त्याबद्दल बोलायचे नाहीत. बर्नरवर काम मात्र चालूच. ज्योतीचा आवाज ऐकून आणि बोटांना काच किती ढिली लागते त्यावरून. "डोळे गेले तर गेले, माझां काम बोटां करतत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी ठरवलं. हा लेझर लागणार आणि अण्णा तो बघणार. सुधीर म्हणाला, "अगं पण नळीच मेलेली असली तर?" मी म्हटलं, "मग जिवंत करीन, तू झोप."

हेलियमची पिशवी परत भरली. नळी छान पेटायला लागली. पण आरसे काही जुळेनात. पंधरा दिवस कॉलेजातून आल्यावर मी स्क्रू फिरवत होते आणि अण्णा शेजारी बसून होते. एका शनिवारी मागच्या आरशावर पुसट डाग दिसला. मी तो काढला, धुतला आणि कुठे ठेवायचा म्हणून माझ्या लग्नातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला, मऊ कागदात गुंडाळून. मी टिकली लावायचे, करंडा रिकामाच पडून होता. स्वयंपाकघरात देवांच्या फळीवर. आमच्या घरात सुधीरचा हात पोचत नाही अशी ती एकच जागा.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाली. सुधीर आतल्या खोलीत आडवा झालेला. मी करंडा घेऊन गॅलरीत जाणार तेवढ्यात खालच्या सामंत काकू वाटी घेऊन दारात, विरजण हवं म्हणून. मी विरजण दिलं, दोन मिनिटं बोलले, आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले.

अण्णांनी विचारलं, "मागचो आरसो बसवलंस मां?"

"हो अण्णा, बसवला."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी बसवलाय. तुमचंही असं होतं ना, कुलूप लावलं की नाही आठवत नाही पण लावलंच असणार असं वाटतं? तसं.

चालू करायच्या आधी अण्णांची एक पद्धत होती. ते दोन्ही टोकांची कडी बोटांनी चाचपायचे. आरशाच्या तोंडाला नाही, फक्त कडेला. त्या दिवशीही त्यांनी पुढचं कडं चाचपलं, मग मागचं. मागच्यावर बोट जरा जास्त वेळ राहिलं. मग हात मांडीवर घेतला.

"चालू कर," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. नळी पेटली. आणि गॅलरीच्या दारातून आत, समोरच्या भिंतीवर, चुन्याच्या पोपड्याच्या थोडं वर, लाल ठिपका. मी काही फिरवलं नव्हतं. स्क्रूला हातसुद्धा लावला नव्हता.

मी अण्णांचं डोकं दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवलं, हळूहळू, त्यांच्या त्या वाटोळ्या जागेत ठिपका येईपर्यंत. सासऱ्यांचं डोकं असं धरतात का? मी धरलं.

"माका दिसता गो," ते म्हणाले.

लेझरच्या ठिपक्यात बारीक कण दिसतात, सळसळणारे. गंमत म्हणजे नंबर कितीही असो, चष्मा असो नसो, ते कण पुसट होत नाहीत. ते भिंतीवर नसतातच, बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतात. अण्णांनी चष्मा काढला. "कण दिसतत. सगळे येगयेगळे दिसतत." पेपरातलं ठळक अक्षर ज्यांना वाचता येत नव्हतं, ते हे म्हणत होते. मी तोंडात पदर घालून रडले.

सुधीर उठून आला. "आयला... लागला की," म्हणाला आणि मध्ये हात घातला. ठिपका त्याच्या तळहातावर आला, हात काढल्यावर परत भिंतीवर गेला. जराही थरथर नाही. आमचे आधीचे दोन्ही लेझर लुकलुकायचे, हा खिळा ठोकल्यासारखा होता.

आमची एक वही होती. तारीख, काय केलं, काय झालं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. अण्णांची जुनी सवय. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, "दोन्ही आरसे जागेवर. लेझर लागला." अकरा मिनिटांनी नळी गरम व्हायला नको म्हणून मी बंद केली. घड्याळ बघून, म्हणून अकरा म्हणतेय.

मला वाटलं होतं अण्णा खुशीत बोलत सुटतील. पण ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते, नाहीतर तसं मला वाटलं. "पडतंय जरा," म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

मी पेटीवर फडकं घालायला लागले. मागच्या टोकाला फडकं खोचताना माझं बोट कड्यातून आरपार गेलं.

मी परत घातलं. परत आरपार. खाली पडला असेल म्हणून जमिनीवर हात फिरवला, स्टूल उचललं, पायपुसणं झटकलं. मग स्वयंपाकघरात गेले. करंडा देवांच्या फळीवर होता. विरजण देताना मी तो बाजूला सारला होता, कारण झाकणाच्या फटीवर माझ्या बोटाचा दह्याचा डाग होता, वाळून कडक झालेला, झाकणापासून खालपर्यंत सलग. झाकण मधल्या वेळात कोणी उघडलं असतं तर तो डाग तुटला असता. मी नखाने तो तोडला आणि उघडलं. आरसा कागदात होता, मी घडी घातली होती तसाच.

मी गॅलरीत जाऊन परत बटण दाबलं. नळी पेटली. भिंतीवर काहीही नाही.

संध्याकाळपर्यंत मी काय काय केलं ते विचारू नका. मागे खिडकीची काच होती, तिचा आरसा झाला असेल म्हणून खिडकी उघडून, मिटून, अर्धी उघडून पाहिलं. स्टीलचं कपाट, ताट, देवाच्या फोटोची काच, सगळं मागे धरून पाहिलं. पुढचे तीन रविवार, अण्णा दुपारचे झोपले की, तेच. खरं तर मलाही माहीत होतं की असल्या कशानेही ते होत नाही. मग चिडून खरा आरसा बसवला, तर त्यानेही लागेना, म्हणून काढून परत करंड्यात ठेवला. सुधीर म्हणाला, "तू बसवलास आणि नंतर काढून ठेवला असशील. तुला कुठे आठवतंय." मी त्याला करंड्यावरच्या डागाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि टीव्ही लावला.

अण्णांना मात्र मी सांगितलं नाही. का? एक तर लाज. मी, लिंबाचं सरबत पिणारी, त्यांना काय सांगणार होते? आणि दुसरं म्हणजे भीती. आयुष्यात एकदा स्वतःची नळी चालताना पाहिली, आणि त्याच्यावर मी येऊन म्हणणार की अण्णा, ते खरं नव्हतं? म्हणून वहीतली ओळ तशीच ठेवली. दोन्ही आरसे जागेवर.

इकडे अण्णा बदलले. बर्नर पेटवेनात. कॉलेजातून आलेली काच तशीच पडून. विचारलं तर, "नको गो. आता हात चुकतत." मी म्हटलं, कधी चुकले? भाकरी मोडतानासुद्धा दोनदा चाचपायचे. जिना उतरताना कठडा सोडून भिंत धरायचे, मग भिंत सोडून परत कठडा. डोळे होते तेवढेच होते, नुकतेच दाखवून आलो होतो. मला वाटलं वयाचं असेल. पण मनात कुठेतरी खात होतं, की त्या रविवारपासूनच हे असं का?

मग एक दिवस त्यांनी मला सांगितलं की आयटीआयचा एक मास्तर शनिवारी येणार आहे, बर्नर आणि सगळी हत्यारं घेऊन जायला. "तेका तरी उपयोग होयत." हे बोलताना ते बर्नरवर हात ठेवून बसले होते. मी तीन दिवस झोपले नाही म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी कॉलेजातून आले, पर्स ठेवली, करंडा उचलला आणि सरळ गॅलरीत गेले.

"अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या रविवारी मागचा आरसा बसवलेलाच नव्हता."

मी करंडा त्यांच्यापुढे धरला.

"करंड्यात होता. मला वाटलं बसवलाय. नंतर कळलं, पण मी बोलले नाही. वहीत खोटं राहिलंय, ते माझ्यामुळे. लेझर कसा लागला ते मला माहीत नाही. रागवायचं तर रागवा."

ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे कडां रिकामां होतां?"

"हो."

"माझ्या बोटाक रिकामांच लागलां होतां गो."

मला क्षणभर कळलंच नाही.

"मी चाचपलंय. आरसो नाय. परत चाचपलंय. नाय. पण तू बसवलंय म्हणालंस. आणि तू खोटां बोलूचंस नाय. मगे लेझर लागलो. म्हटलां, झाला. डोळे गेले, आता बोटांय गेली. तेव्हापासून मी कशाक हात लावूक भियतंय."

मी तिथेच जमिनीवर बसले. इतके दिवस मी त्यांचं सुख जपतेय म्हणून गप्प होते, आणि हा माणूस माझ्या एका "हो अण्णा"वर विश्वास ठेवून स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसला होता. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नाही. मी म्हटलं, "अण्णा, तुमची बोटं बरोबर होती. मी चूक होते. तुमची बोटं शंभर टक्के बरोबर होती." हे मी किती वेळा म्हटलं देव जाणे.

अण्णांनी हात पुढे केला. मी त्यात आरसा ठेवला. त्यांनी कड चाचपली, मग पेटीचं मागचं कडं शोधलं आणि न अडखळता आरसा त्यात बसवला. मग म्हणाले, "आगपेटी दी." आणि बर्नर पेटवला. काही करायचं नव्हतं, नुसताच आवाज ऐकत बसले. शनिवारी मास्तर आला त्याला चहा पाजून परत पाठवलं. बिचारा पिशवी घेऊन आला होता.

लेझर कसा लागला, याचं अण्णांना फारसं पडलं नव्हतं. मीच त्यांना छळलं, की तुम्हाला काय वाटतं, सांगा ना. ते एवढंच म्हणाले की इतकी वर्षं ट्रॉम्बेला काढली, न कळलेलं पुष्कळ पाहिलं, पण न कळलेलं कळल्यासारखं लिहिलेलं कधी चालवून घेतलं नाही. वही आणायला लावली. मी "दोन्ही आरसे जागेवर" वर काट मारली, खाली खरं लिहिलं, आणि दोघांनी सह्या केल्या. अण्णांची तिरकी होऊन माझ्या सहीवर चढली.

त्यानंतर दीड महिन्याने तो लेझर खरोखरचा लागला, दोन्ही आरशांनिशी. अण्णांच्या बोटांनी, माझ्या डोळ्यांनी. पण तोवर त्यांची ती वाटोळी जागा मिटत आली होती. मी त्यांचं डोकं धरून भिंतीकडे वळवलं, इकडे, तिकडे, थोडं वर. "नाय गो," ते म्हणाले, "ऱ्हवांदे. बघलंय मी." म्हणजे अण्णांनी स्वतःची नळी चालताना पाहिली ती एकदाच, आणि ती नेमकी अशा वेळी, जेव्हा ती चालणं शक्यच नव्हतं.

पुढे सात वर्षं ते बर्नरवर काम करत होते, शेवटची चार पूर्ण अंधारात. आता ते नाहीत. पेटी माझ्याकडे आहे, करंडाही. मी ही गोष्ट फिजिक्सच्या चार प्राध्यापकांना सांगितली. तिघे हसले. चौथ्यांनी कागदावर आकृती काढली, बराच वेळ बघितली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मी भुताखेतांवर अजूनही विश्वास ठेवत नाही. जिन्यात लिंबू दिसलं तर अजूनही उचलीन. पण वहीतलं ते पान तुम्ही बघायला आलात तर दाखवते. "मागचा आरसा करंड्यात होता. लेझर अकरा मिनिटं लागला." त्याच्यापुढे कारणाचा रकाना आहे. मी त्यात काहीतरी लिहायला पेन टेकवलं होतं, तर अण्णांनी बोटाने चाचपून माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "ऱ्हवांदे रिकामां." तो अजून रिकामाच आहे.